प्रोजेक्ट कुठे तोडायचा?

टेक नावाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. गणिताची पुस्तकं, पीएचडीचे प्रबंध, संशोधनाचे पेपर त्यात छापण्यासाठी तयार करतात. त्याच्या पोटात इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचे हे सांगणारी एक फाईल आहे आणि त्या फाईलच्या अगदी तळाशी १४ शब्दांची एक यादी आहे. नियमांत न बसलेल्या, हट्टी शब्दांची. त्यातल्या दहा शब्दांपुढे कुठे तोडायचं ते हाताने लिहून दिलंय. उरलेले चार मात्र तोडायचेच नाहीत. ओळ बिघडली तरी चालेल, पण यांना हात लावू नका, अशी ताकीद आहे. ते चार म्हणजे 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट', आणि दोघांची अनेकवचनं.

आमच्या धंद्यात 'प्रोजेक्ट' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. त्यात इतकं काय अवघड आहे, हे कळायला मला आधी एकदा सगळ्यांसमोर अडकावं लागलं.

झालं असं, की परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. मी माझ्या मॉड्यूलबद्दल बोलत होतो. बोलता बोलता 'डी-टर-माईन' म्हणालो, शेवटच्या 'माईन'वर चांगला दाब देऊन. पलीकडच्या बाईंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो, आणखी मोठ्याने, म्हणजे आणखी चुकीचं. तिसऱ्या वेळी आमच्या टीममधल्या एका सिनियरने माईक चालू केला, 'डिटर्मिन' एवढंच म्हणाला आणि माईक बंद केला. कॉल पुढे सरकला. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, इंजिनीअरिंग इंग्रजीत केलं, त्या शब्दाचा अर्थ, स्पेलिंग, उपयोग सगळं मला पाठ होतं. तो शब्द मी शेकडो वेळा वाचला होता. ऐकला मात्र कधीच नव्हता, निदान कान देऊन तरी. त्यानंतर कित्येक आठवडे मी कॉलवर तो शब्द टाळून 'फाईंड आऊट' म्हणत राहिलो.

त्याच सुमारास माझ्याकडे पीडीएफ रिपोर्टचं काम आलं. अरुंद कॉलममध्ये लांब इंग्रजी शब्द वेडेवाकडे तुटत होते. 'थेरपिस्ट' हा शब्द इंग्रजी स्पेलिंगच्या चौथ्या अक्षराआधी तोडला तर मागे काय उरतं ते वाचकांनी स्वतः लिहून बघावं. असलं काही क्लायंटला जाऊ नये म्हणून मी शब्द तोडण्याचे नियम शोधायला निघालो आणि त्या १४ शब्दांपाशी पोचलो. मग लक्षात आलं, की माझ्या 'डी-टर-माईन'चा प्रश्न आणि या फाईलचा प्रश्न एकच आहे.

शब्द तोडणं छपाईइतकंच जुनं आहे. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलमध्ये ओळींच्या शेवटी दोन तिरप्या रेघांचं चिन्ह दिसतं. दोन्ही कडा सरळ हव्या तर शब्द तोडावेच लागतात. 'हायफन' हा शब्द ग्रीक, त्याचा अर्थ साधारण 'एकाखाली, एकत्र' असा. दोन तुकडे एक आहेत हे सांगायचं चिन्ह. मराठीतही त्याचं एक नाव संयोगचिन्ह. तोडताना जे वापरायचं त्याला जोडण्याचं नाव, हे मला फार आवडतं.

पण कुठे तोडायचं हा प्रश्न इंग्रजीत पेटला तो छापखान्यात नाही, शाळेत. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतली पोरं शब्द तुकड्या-तुकड्यांनी पाठ करून वाचायला शिकत. त्यासाठी गाजलेलं पुस्तक होतं थॉमस डिलवर्थ या इंग्रज मास्तरांचं, १७४० सालचं. त्यातला नियम सोपा होता: दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन आलं तर ते पुढच्या स्वराला द्यायचं. म्हणून 'हॅबिट'चे तुकडे 'हॅ' आणि 'बिट', 'बिशप'चे 'बि' आणि 'शप'. आपल्याला यात काहीच वावगं वाटणार नाही, कारण देवनागरी नेमकी अशीच लिहिली जाते. व्यंजन पुढच्या स्वराच्या खांद्यावर बसतं. आपण पहिलीत बाराखडी घोकली तेव्हाच हा नियम हाडात मुरला.

नोआ वेब्स्टर या कनेक्टिकटच्या तरुण मास्तराला मात्र तो खटकला. त्याने १७८३ साली, वयाच्या पंचविशीत, स्वतःचं स्पेलिंगचं पुस्तक काढलं. त्याच वर्षी ब्रिटनने अमेरिकेचं स्वातंत्र्य तहात मान्य केलं होतं, आणि स्वतंत्र देशाच्या मुलांनी इंग्रज मास्तराचं पुस्तक का घोकावं असा त्याचा रोख होता. पण भांडण नुसतं राष्ट्राभिमानाचं नव्हतं. त्याचं म्हणणं असं: पुस्तकात 'हे-बिट' असे तुकडे दिसले, की मूल पहिला तुकडा 'हे' असा लांब वाचणार, कारण इंग्रजीत स्वराने संपलेला तुकडा लांब वाचायची सवय असते. खरा उच्चार तर आखूड आणि जोरकस आहे, 'हॅब-इट'. जोर पडलेला आखूड स्वर पुढचं व्यंजन आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून 'हॅब-इट', 'बिश-अप', 'क्लस-टर', 'नॉस-ट्रिल'. डिलवर्थच्या पद्धतीत शेवटचं 'शन' तर 'टि-ऑन' असं दोन तुकड्यांत शिकवलं जाई. कोणीही तसं बोलत नव्हतं. वेब्स्टरने त्याचा एक तुकडा केला.

म्हणजे त्याने केलं काय? तुकडे डोळ्यांच्या हवाली होते, ते कानाच्या हवाली केले. एकदा कानाच्या हवाली केले, की कुठे जोर आहे हे माहीत असल्याशिवाय कुठे तोडायचं हे सांगताच येत नाही. त्याचं ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक पुढची शंभर वर्षं कोट्यवधींच्या संख्येने खपलं. अमेरिकन शब्दकोश आजही बऱ्याच अंशी त्याच वाटेने जातात. ब्रिटिश छापखान्यांनी शब्दाच्या घडणीला जास्त मान दिला. 'नॉलेज' हा शब्द ब्रिटिश पद्धतीने तोडला तर 'नो' म्हणजे जाणणे हा मूळ शब्द शाबूत राहतो, अमेरिकन पद्धतीने तोडला तर 'नॉल' राहतं. एकाच भाषेला शब्द तोडायच्या दोन वेगळ्या फायली लागतात त्या यामुळे. टेकसाठी ब्रिटिश फाईल तयार करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉमिनिक वुयास्टिक, हे संस्कृतचे अभ्यासक. पाणिनीच्या गावचा माणूस इंग्रजीची संधी सोडवायला बसलेला पाहून मला बरं वाटलं.

आता जोर. तो नेमका कुठे आहे हे ठरवायचं कोणी?

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या शब्दकोशात शब्दावर आघाताची खूण केली, पण उच्चाराच्या भानगडीत तो फारसा पडला नाही. त्याने नंतर सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. 'ग्रेट' हा शब्द कसा उच्चारायचा, 'स्टेट'सारखा की 'सीट'सारखा? लॉर्ड चेस्टरफील्ड एक म्हणत, सर विल्यम यंग नेमकं उलट. एक उमरावांच्या सभागृहातला उत्तम वक्ता, दुसरा लोकप्रतिनिधींच्या सभागृहातला. अशा वेळी बिचाऱ्या कोशकाराने काय करावं?

हे काम अंगावर घेतलं नटांनी. थॉमस शेरिडन हा डब्लिनचा नट आणि नाटक कंपनीचा चालक. १७६१ साली तो एडिंबरोला गेला आणि तिथल्या स्कॉटिश सभ्य गृहस्थांना इंग्रजी कसं बोलावं यावर व्याख्यानं देऊ लागला. गर्दी झाली. वकील, प्राध्यापक, पाद्री फी भरून येऊन बसत. हे शहर त्या काळी युरोपातल्या सगळ्यात हुशार शहरांपैकी एक होतं. तिथल्या डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञाने आधीच, १७५२ मध्ये, इंग्रजी लिहिताना टाळायच्या स्कॉटिश लकबींची यादी छापली होती. म्हणजे ज्यांचं तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र आज जगभर शिकवतात, त्यांना लंडनला जाऊन तोंड उघडायची धास्ती वाटत होती. आणि त्यांना सुधारायला आला कोण, तर एक आयरिश माणूस! इंग्रजीचे उच्चार आयरिश माणसाने ठरवायचे, याची जॉन्सनने मनसोक्त थट्टा केली. शेरिडनने १७८० मध्ये उच्चारकोश काढलाच. मग जॉन वॉकर या दुसऱ्या माजी नटाने १७९१ मध्ये आणखी बारकाईचा काढला, स्वरांवर बारीक आकडे टाकून. त्यात सुरुवातीला स्कॉटलंड, आयर्लंड आणि लंडनच्या रहिवाशांसाठी वेगवेगळ्या सूचना आहेत. हो, लंडनच्यासुद्धा! लंडनच्या गल्लीबोळातल्या माणसाचंही इंग्रजी वॉकरच्या लेखी बरोबर नव्हतं.

हे वाचल्यावर कॉलवरचा तो प्रसंग आठवून मला पहिल्यांदा हसू आलं. एडिंबरोच्या त्या सभागृहात मागच्या बाकावर मी आरामात खपून गेलो असतो.

त्यात गंमत अशी, की जो उच्चार शिकायचा तोही जागेवर उभा राहत नव्हता. 'बाल्कनी' हा शब्द इटालियनमधून आला तेव्हा जोर मधल्या तुकड्यावर होता. एकोणिसाव्या शतकात तो पहिल्यावर सरकला. सॅम्युअल रॉजर्स हा कवी म्हातारपणी वैतागून म्हणत असे, की 'कन्टेम्प्लेट'चा जोर पुढे आणला ते एक वेळ सोसलं, पण 'बाल्कनी'चं हे नवं रूप ऐकून पोटात ढवळतं. आज त्याच्यासारखी 'बाल्कनी' म्हटली तर लोक वळून बघतील. प्रयोगशाळेला अमेरिकन माणूस पहिल्या तुकड्यावर जोर देतो, ब्रिटिश दुसऱ्यावर. 'कॉन्ट्रोव्हर्सी'वर तर ब्रिटनमध्येच अजून कॉन्ट्रोव्हर्सी आहे.

'रेकॉर्ड'सारख्या जोड्यांची कथा तर आकड्यांत सांगता येते. नाम असेल तर जोर पुढे, क्रियापद असेल तर मागे. पीटर लेव्हिन्सने १५७० साली यमकांसाठी एक शब्दकोश केला, त्यात असे शब्द जेमतेम तीन सापडतात: आऊटलॉ, रेबल, रेकॉर्ड. डोनाल्ड शर्मन या अभ्यासकाने १९७५ मध्ये जुने-नवे कोश चाळून मोजदाद केली. १८०० पर्यंत जोड्या ३५ झाल्या होत्या, १९३४ पर्यंत १५०. कोणी ठराव केला नाही, समिती बसली नाही. एकेक शब्द गुपचूप रांगेत येऊन उभा राहिला. 'प्रोजेक्ट' आणि 'प्रेझेंट' याच रांगेतले. भेटवस्तू असेल तर 'प्रेझ-अंट', सादर करायचं असेल तर 'प्रि-झेंट'. जोर पुढे आला की 'झ'चा आवाज त्याच्याकडे, मागे गेला की पुढच्या तुकड्याकडे. कागदावर अक्षरं तीच. वाक्य समजल्याशिवाय शब्द तोडता येत नाही, आणि १९८० सालच्या कॉम्प्युटरला वाक्य समजत नव्हतं.

मग यात नियम असा काहीच नाही का? आहे, आणि तो आपल्या घरातला निघाला.

नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ मध्ये इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. इंग्रजीचा जोर बहुतांशी हिशेबाने काढता येतो असा त्यांचा दावा. नामांसाठी त्यांचा नियम जवळपास जुन्या लॅटिनचाच आहे. इंग्रजी मुळात जर्मॅनिक भाषा, तिची सवय शब्दाच्या मुळावर, म्हणजे बहुधा पहिल्याच तुकड्यावर जोर द्यायची. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर फ्रेंच आणि मग लॅटिन-ग्रीक शब्दांचा लोंढा आला, आणि तो स्वतःचे नियम सामानात बांधून आला. लॅटिन नियम असा: शेवटून दुसरा तुकडा भारी असेल तर जोर त्याच्यावर, हलका असेल तर एक घर आणखी मागे. भारी म्हणजे दीर्घ स्वराचा, किंवा व्यंजनाने बंद झालेला.

शाळेत वृत्तं शिकलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. दीर्घ स्वर तो गुरू, जोडाक्षराआधीचं अक्षर तेही गुरू, बाकी लघू. हजारो मैलांवरच्या दोन जुन्या भाषा तुकडे एकाच तराजूत तोलत होत्या. 'अजेंडा' घ्या: मधला तुकडा 'जेन' बंद, म्हणून गुरू, जोर तिथेच. 'अरोमा'त 'रो' दीर्घ, जोर तिथेच. 'अमेरिका'त 'रि' लघू, म्हणून जोर मागे 'मे'वर. मराठीचे सर यमाताराजभानसलगं घोकून घेत आणि इंग्रजीच्या तासाला उच्चार म्हणजे ज्याचं त्याचं नशीब. या दोन तासांच्या मध्ये फक्त मधली सुट्टी होती. कोणी तरी भिंतीत खिडकी पाडायला हवी होती.

क्रियापदांत हिशेब शेवटच्या तुकड्यापासून सुरू होतो. तो दीर्घ असेल, किंवा दोन व्यंजनांनी बंद असेल, तर जोर त्याच्यावर: 'डिसाईड', 'कोलॅप्स'. शेवटी आखूड स्वर आणि एकच व्यंजन असेल तर जोर एक घर मागे: 'अस्टॉनिश', 'इमॅजिन'. या दुसऱ्या गटातली त्यांची उदाहरणं वाचत गेलो आणि मध्येच थबकलो. त्यात 'डिटर्मिन' होतं.

मी ते पान फोनवर मोठं करून पुन्हा पाहिलं. स्पेलिंगच्या शेवटी मुका 'ई' दिसतो म्हणून मी शेवटचा तुकडा 'माईन' समजलो होतो, 'डिसाईड'च्या चालीवर. आणि एकदा 'माईन' दीर्घ धरला, की नियमाप्रमाणे जोर तिथेच जायला हवा. मी तो तिथेच दिला होता. थोडक्यात, माझा प्रोग्रॅम बरोबर चालला होता, इनपुट चुकलं होतं. कोणत्याही इंजिनीअरला विचारा, या दोन गोष्टींत केवढा फरक आहे.

परत त्या फाईलकडे येतो.

डोनाल्ड क्नुथ हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. आमच्या क्षेत्रातला प्रत्येक जण त्यांचं पुस्तक विकत घेतो आणि फारसं कोणी पूर्ण वाचत नाही. १९७७ मध्ये त्यांच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. नव्या फोटोटाईपसेटिंगने पानं इतकी कुरूप केली होती, की त्यांनी लिहिणं बाजूला ठेवून छपाईचं सॉफ्टवेअरच करायला घेतलं. तेच टेक. शब्द तोडायचा पहिला प्रयत्न त्यांनी आणि फ्रँक लियांग या विद्यार्थ्याने त्याच उन्हाळ्यात केला. आपण करू तसाच: शेवटचे प्रत्यय ओळखा, सुरुवातीचे उपसर्ग ओळखा, मध्ये दोन व्यंजनं सापडली तर त्यांच्यामध्ये तोडा. त्याला तोडता येण्याजोग्या जागांपैकी निम्म्याही सापडत नव्हत्या.

मग लियांगने पवित्रा बदलला. भाषेचे नियम हाताने लिहायचे नाहीत. एक छोटा वेब्स्टर कोश घ्यायचा, त्यातले तोडलेले शब्द कॉम्प्युटरला द्यायचे आणि अक्षरांचे कोणते गट कुठे तुटतात हे त्यालाच शोधू द्यायचं. प्रत्येक गटात अक्षरांच्या फटीत १ ते ५ पैकी आकडा. विषम आकडा म्हणजे इथे तोड, सम म्हणजे इथे तोडू नकोस. एका फटीवर अनेक गट बोलले तर ज्याचा आकडा मोठा त्याचं ऐकायचं. १ म्हणजे साधा नियम, २ म्हणजे त्याला अपवाद, ३ म्हणजे अपवादाला अपवाद, असं वर चढत जायचं.

उदाहरणाला 'हायफनेशन' हाच शब्द घेऊ. शेवटच्या 'शन'च्या आधी, म्हणजे स्पेलिंगमधल्या 'टी'च्या आधी तोडा, असं एक गट सांगतो आणि १ टाकतो. दुसरा गट म्हणतो, एच-ई-एन-ए असं आलं की त्यानंतर तोडू नका, आणि ४ टाकतो. ४ जिंकतो, तिथे शब्द तुटत नाही. तिसरा गट 'एन' आणि 'ए'च्या मध्ये ५ टाकतो, तिथे तुटतो. लियांगच्या १९८३ च्या प्रबंधाच्या शीर्षकातच हा शब्द आहे आणि तो त्याने गमतीने चार तुकड्यांत तोडून छापला आहे. त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम त्यातले तीनच तुकडे करतो.

असे सुमारे साडेचार हजार गट. कोश जसाच्या तसा ठेवला तर ५०० किलोबाईटहून जास्त जागा लागत होती, हे गट दाबून बसवले तर २५ किलोबाईटमध्ये मावले. व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फुलाचा फोटोही याहून मोठा असतो. कोशातल्या ८९ टक्के जागा सापडत होत्या, आणि चूक जवळजवळ शून्य. उरलेल्या ११ टक्क्यांचं काय? तिथे न तोडता पुढे जायचं. चुकीचं तोडण्यापेक्षा न तोडलेलं बरं, हा निर्णय अल्गोरिदममध्येच मुरवलेला आहे. जोराची माहिती त्याला कोणी दिली नव्हती. पण वेब्स्टरने दोनशे वर्षांपूर्वी तुकडे कानाने पाडले होते, त्याचे वंशज कोश तसेच पाडत आले, आणि त्या तुकड्यांतून जोराचा ठसा साडेचार हजार गटांत आपोआप उतरला. जिथे तो उतरू शकला नाही, जिथे एकाच स्पेलिंगचे दोन जोर आहेत, तिथले चार शब्द तळाच्या यादीत बांधून ठेवले.

ही पद्धत अजून जिवंत आहे. लिबरऑफिस तीच वापरतं, फायरफॉक्स वापरतो. अँड्रॉईडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून शब्द तोडायची सोय आली तीही याच घराण्यातली.

आणि मराठीची फाईलसुद्धा आहे. संतोष थोट्टिंगल या मल्याळी अभियंत्याने अनेक भारतीय भाषांच्या केल्या, त्यात आपलीही. इंग्रजीच्या साडेचार हजारांसमोर ती मूठभर ओळींची. स्वरानंतर तोडा, काना-मात्रेनंतर तोडा, जोडाक्षराला हात लावू नका, संपलं. इथे कोश लागला नाही, अपवादांची यादी लागली नाही, जोर कुठे आहे हे कोणाला विचारावं लागलं नाही.

रिपोर्टचं काम संपलं त्या रात्री मी दोन्ही फायली लॅपटॉपवर चालवून पाहिल्या. इंग्रजीत 'प्रेझेंट' टाकला. अखंड परत आला. वाक्यात घालून पाहिला, नाम म्हणून, क्रियापद म्हणून. तरी अखंडच. मग तोच शब्द देवनागरीत लिहून मराठीच्या फाईलला दिला. 'प्रे'नंतर लगेच तुटला.